आकाशाचा हिशेब उघड मांडा

दुबईला भारताच्या विमानमार्गांवर आणखी सीट हव्या आहेत. एमिरेट्स या तिथल्या विमान कंपनीचे प्रमुख टिम क्लार्क हे गेली काही वर्षं जाहीरपणे सांगत आले आहेत. २०२२ मध्ये तर दुबईने आठवड्याला ५० हजार जादा सीटची मागणी भारत सरकारकडे लेखी केली होती. सरकारने ती मान्य केली नाही. या नकारावर आपल्याकडे दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, बरं झालं. सीट दिल्या असत्या तर आखाती कंपन्यांनी एअर इंडिया आणि इंडिगोचा लांब पल्ल्याचा धंदा उभाच राहू दिला नसता. दुसरं म्हणतं, स्वस्त आणि सोयीचं तिकीट मिळत असेल तर सरकारने मध्ये का यावं? दोन्हींत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. या सीट ही देशाची मालमत्ता आहे. ती आपण आधी सढळ हाताने वाटली, नंतर तिला कुलूप लावलं. का, किती काळासाठी आणि कशाच्या बदल्यात, हे दोन्ही वेळी कुणी लोकांपुढे मांडलं नाही. माझा आक्षेप तिथे आहे.

सीट म्हणजे नेमकं काय, ते आधी पाहू. डिसेंबर १९४४ मध्ये शिकागोत झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने प्रत्येक देशाची त्याच्या आकाशावरची सत्ता मान्य केली. त्यामुळे एका देशाचं विमान दुसऱ्या देशात प्रवासी घेऊन उतरायचं तर दोन सरकारांत करार लागतो. कोणत्या शहरांत उतरायचं, आठवड्याला किती सीट न्यायच्या, हे त्यात ठरतं. भारत आणि दुबई यांच्यात आज प्रत्येक बाजूला आठवड्याला सुमारे ६६ हजार सीट आहेत. अबू धाबी आणि शारजाचे हिशेब वेगळे. धरणातलं पाणी सगळ्या खोऱ्याचं असतं, पण आवर्तन कधी आणि कुणाच्या पाटाला सोडायचं हे मोजक्या माणसांच्या हातात असतं. आकाशातल्या सीटचंही तसंच आहे.

कागदावर ही वाटणी समान दिसते. पण दुबईची लोकसंख्या चाळीस लाखांच्या आसपास आहे. तेवढ्यासाठी एवढ्या सीट लागत नाहीत. एमिरेट्सचं विमान मुंबईहून भरून जातं, कारण त्यातल्या अनेकांना दुबईत राहायचंच नसतं. रात्री दोन-अडीचला सहारच्या टर्मिनल दोनवर उभं राहिलं की हे डोळ्यांना दिसतं. लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला निघालेल्या आजी व्हीलचेअरवर बसलेल्या असतात. शेजारी सेलोफेनने गुंडाळलेल्या दोन मोठ्या बॅगा, त्यांत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, डिंकाचे लाडू. विमान पहाटे चार-साडेचारला सुटतं, दुबईच्या घड्याळात सव्वासहाच्या सुमारास पोचतं, आणि आठ-साडेआठच्या आसपास तिथून अमेरिका-युरोपची मोठी विमानं निघू लागतात. पहाटेची ही वेळ मुद्दाम आखलेली आहे. भारतातल्या नऊ शहरांतून, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंकेतून आलेले प्रवासी त्या दोन तासांत एकत्र करून जगभर पाठवायचे, हा त्यांचा व्यवसाय आहे, आणि तो त्यांनी उत्तम बांधला आहे.

तो कुठून सुरू झाला, हेही लक्षात घेतलं पाहिजे. २५ ऑक्टोबर १९८५ ला एमिरेट्सने पहिली उड्डाणं केली ती कराचीला आणि मुंबईला. विमानं पाकिस्तान इंटरनॅशनलकडून भाड्याने घेतलेली, फक्त दोन. त्या वेळी एअर इंडियाला लंडनची सेवा सुरू करून सदतीस वर्षं झाली होती. ८ जून १९४८ ला मुंबईहून कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला गेलेलं ‘मलबार प्रिन्सेस’ हे तिचं पहिलं आंतरराष्ट्रीय विमान. एवढी आघाडी हातात असताना ती गेली कशी?

याचं सोपं उत्तर ‘आखाती सरकारांचा पैसा’ असं दिलं जातं. तो मुद्दा खोटा नाही. दुबईत विमान कंपनी सरकारची, विमानतळ सरकारचा आणि धोरणही त्याच सरकारचं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या तीन मोठ्या विमान कंपन्यांनी आखाती कंपन्यांवर ४२ अब्ज डॉलरच्या सरकारी मदतीचा आरोप केला होता. त्यांनी तो फेटाळला आणि २०१८ मध्ये हिशेब अधिक खुले ठेवण्याच्या समझोत्यावर वाद मिटला. पण आपली पीछेहाट बघायची असेल तर नजर दिल्लीकडे वळवावी लागते, कारण आपल्या कंपन्यांचे पाय आपल्याच सरकारने बांधले होते.

२००४ मध्ये खासगी कंपन्यांना परदेशी उड्डाणाची परवानगी मिळाली ती एका अटीवर: देशात पाच वर्षं सेवा दिलेली हवी आणि ताफ्यात वीस विमानं हवीत. इंडिगो २००६ मध्ये सुरू झाली, म्हणून तिचं पहिलं परदेशी विमान दिल्लीहून दुबईला उतरायला सप्टेंबर २०११ उजाडला. फ्लायदुबई जून २००९ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी लखनौला आली. म्हणजे परक्या देशाची नवी कंपनी वर्षभरात आपल्या मध्यम शहरात येऊ शकत होती, आणि आपली कंपनी नफ्यात असूनही दुबईला जाऊ शकत नव्हती. आणि याच वर्षांत आपण दुबईचा कोटा झपाट्याने वाढवत होतो. २०१० पर्यंत तो आठवड्याला ५४,२०० सीटवर गेला. परकी कंपनी धावत असताना आपल्या धावपटूला थांबवून ठेवणारी अट कुणाच्या हिताची होती, याचं समाधानकारक उत्तर मला कुठेही सापडलेलं नाही. २०१६ च्या धोरणात पाच वर्षांची अट गेली. तोवर बाजार वाटला गेला होता.

एअर इंडियाची कथा तर आणखी क्लेशाची. तिच्यासाठी आणि इंडियन एअरलाइन्ससाठी मिळून १११ विमानांची खरेदी ठरली, २००७ मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र केल्या, कर्ज वाढलं, आणि त्याच काळात तिच्या सर्वांत फायद्याच्या आखाती मार्गांवर स्पर्धेचा लोंढा सोडला. कॅगने २०११ च्या अहवालात या उदार सीटवाटपावर नेमकं बोट ठेवलं. स्पर्धेला माझा विरोध नाही. पण ज्या कंपनीचे मालक आपण आहोत तिला नवी विमानं घ्यायला लावायची आणि तिचा प्रवासी त्याच वेळी दुसऱ्याच्या हवाली करायचा, याला धोरण म्हणता येत नाही. अखेर ऑक्टोबर २०२१ मध्ये ती १८ हजार कोटींना टाटांकडे द्यायचं ठरलं. नरिमन पॉइंटची तिची इमारत आता १,६०१ कोटींना महाराष्ट्र सरकारकडे आली आहे. समुद्रावरून मुंबईकडे बघताना वरचं ते लाल बोधचिन्ह आधी दिसायचं, हे माझ्या पिढीतले लोक विसरणार नाहीत.

मात्र सर्वांत शिकण्यासारखं प्रकरण जेट-एतिहादचं आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. २०१२ मध्ये परदेशी विमान कंपन्यांना भारतीय कंपन्यांत ४९ टक्क्यांपर्यंत गुंतवणुकीची मुभा मिळाली. एप्रिल २०१३ मध्ये अबू धाबीच्या एतिहादने जेट एअरवेजमध्ये २४ टक्के हिस्सा २,०५८ कोटींना घ्यायचं ठरवलं. त्याच सुमारास भारत सरकारने अबू धाबीचा कोटा आठवड्याला १३,३३० वरून तीन वर्षांत ५० हजारांवर न्यायला मान्यता दिली. एका खासगी कंपनीत पैसा आला आणि त्याच वेळी देशाच्या मालमत्तेतून जवळपास चौपट कोटा गेला. या दोन गोष्टींचा संबंध काय, यावर संसदेत आणि न्यायालयातही प्रश्न उभे राहिले. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेटचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला उतरलं. कंपनी बंद पडली. वैमानिक, हवाई सेविका, ग्राउंड स्टाफ, अंधेरी-मरोळपासून वसई-विरारपर्यंत पसरलेली हजारो कुटुंबं एका रात्रीत उघड्यावर आली. ग्रॅच्युइटी आणि थकलेल्या पगारासाठी ती वर्षानुवर्षं दावे लढत राहिली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या दिवाळखोरीवर अखेरचा शिक्का मारला.

गुंतवणूक बुडाली, कंपनी बुडाली, नोकऱ्या गेल्या. अबू धाबीच्या सीट मात्र तिथेच राहिल्या. गुंतवणूक राहील तोवर सवलत, असं कलम त्या व्यवहारात असतं तर २०१९ मध्ये त्या सीट पुन्हा टेबलावर आल्या असत्या. कोणताही दुकानदार गाळा भाड्याने देताना एवढी काळजी घेतो. सरकारने घेतली नाही.

२०१४ नंतर दिल्लीने दुबईच्या बाबतीत दार बंद केलं, ते आजही बंद आहे. आधीच्या उधळपट्टीनंतर हा ब्रेक हवाच होता, हे मी मान्य करतो. लांब पल्ल्याचा ताफा उभा करायला वेळ लागतो. एमिरेट्सकडे अडीचशेहून जास्त विमानं आहेत आणि जवळपास सगळी वाइडबॉडी, म्हणजे आसनांमधून दोन वाटा असलेली मोठी. भारतातल्या सर्व कंपन्यांची मिळून अशी शंभरही विमानं नाहीत. एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी नोंदवली, इंडिगोने लांब पल्ल्यासाठी ए-३५० मागवली. ती हातात यायला वर्षं लागतील. त्यात एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणारं आपलं विमान अरबी समुद्रावरून वळसा घालून जातं, जादा इंधन जाळतं. एअर इंडियाला दिल्ली-वॉशिंग्टन सेवा सप्टेंबर २०२५ पासून थांबवावी लागली. आखाती कंपन्यांना हा वळसा पडत नाही. अशा वेळी आपल्या कंपन्यांना उसंत द्यावी, हे म्हणणं मला पटतं. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियानेही कतार एअरवेजला जादा उड्डाणं नाकारली होती. फक्त तिथे त्या निर्णयावर सिनेटच्या समितीने सुनावणी घेतली आणि मंत्र्यांना कारणं विचारली गेली. आपल्याकडे ते होत नाही.

उसंतीची किंमत कोण मोजतं? खेड, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात क्वचितच असं गाव असेल जिथलं कुणी आखातात नाही. ईदला किंवा घरच्या लग्नाला यायचं तर त्या दिवसांतलं तिकीट नेहमीच्या कित्येक पट होतं. महिन्याला ठरावीक दिरहम घरी पाठवणाऱ्या मजुराला किंवा ड्रायव्हरला ते परवडत नाही, म्हणून तो सण चुकवतो आणि पुढच्या वर्षी येतो. दुबई-मुंबई मार्गावर सीट कमी आणि मागणी जास्त असली की भाडं चढणारच. या माणसाला न्यूयॉर्कला जायचं नाही, त्याला लवेलला किंवा दापोलीला जायचंय. लांब पल्ल्याचा भारतीय ताफा वाचवण्यासाठी लावलेल्या कुलपाचा भार त्याच्या खिशावर पडतो, आणि दिल्लीतल्या चर्चेत त्याचं नावही निघत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं.

पुण्याचंही तेच. एमिरेट्सला ज्या नऊ भारतीय शहरांत उतरता येतं त्यांत पुणे नाही. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आणि आखूड, त्यामुळे मोठी विमानं तिथे अडचणीची, हे खरं. पण छोट्या विमानांची परदेशी सेवाही हिंजवडी-चाकणच्या व्यवसायाच्या मानाने तोकडी आहे. पुणेकर अजूनही रात्री जेवून टॅक्सीने द्रुतगती मार्गाने सहार गाठतो. केरळातल्या कण्णूरचा विमानतळ डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाला, आखातात जाणारे लोक आजूबाजूला लाखांनी, आणि परदेशी कंपन्यांना तिथे उतरायची परवानगी अजून नाही. ज्या शहरातून भारतीय कंपन्यांची परदेशी सेवा तोकडी आहे तिथे परदेशी कंपनीला अडवून नक्की कोणाचं रक्षण होतं?

आणि रक्षण मिळालेल्या कंपन्यांनी त्याचं काय केलं, हेही विचारायला हवं. देशातल्या प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून जास्त आज एकट्या इंडिगोकडे आहेत. एअर इंडियाचा समूह धरला तर दोघांकडे दहातले नऊ. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांची पुरेशी तयारी न केल्यामुळे इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. लोक लग्नाला, परीक्षेला, अंत्यविधीला पोचू शकले नाहीत. त्यावर सरकारला त्या कंपनीपुरते नियम तात्पुरते सैल करावे लागले. हे नियम थकव्यामुळे होणारे अपघात टाळण्यासाठी होते. १२ जून २०२५ ला अहमदाबादेत २६० माणसं गेल्यावर वर्षही उलटलेलं नव्हतं. त्या अपघाताचं कारण इथे जोडण्याचा माझा हेतू नाही. तपास यंत्रणा ते काम करेल. पण बाजार दोघांच्या हाती गेला की सुरक्षेचा नियमही वाटाघाटीचा विषय होतो, हे त्या आठवड्यात सगळ्या देशाने पाहिलं.

म्हणजे संरक्षण द्यायचं तर त्याची मुदत आणि अटी आधी लिहून द्यायला हव्यात. लांब पल्ल्याची किती विमानं कोणत्या वर्षापर्यंत येतील, मुंबई-दिल्लीहून कोणत्या नव्या थेट सेवा सुरू होतील, याची वचनं कंपन्यांकडून घ्यावीत आणि ती छापावीत. वचन पाळलं तर उसंत, नाही पाळलं तर ठरल्या तारखेला कोटा वाढेल. २०१६ च्या धोरणातच असं लिहिलं आहे की भारतीय कंपन्यांनी आपला कोटा ८० टक्के वापरला की जादा सीटची बोलणी नेहमीप्रमाणे सुरू करावीत. दुबईच्या मार्गावर आपल्या कंपन्यांची विमानं भरून जातात. तेव्हा बोलणी सुरू का होत नाहीत, हे सरकारने एकदा सांगावं. कारण सबळ असेल तर लोक ते समजून घेतील.

जादा सीट द्यायच्या झाल्या तर त्या फुकट देऊ नयेत. त्या धोरणाचा मसुदा तयार होत असताना जादा हक्कांचा लिलाव करण्याची कल्पना चर्चेत आली होती. अंतिम मजकुरात ती उतरली नाही. ती पुन्हा काढावी. स्पेक्ट्रम आणि कोळसा लिलावाविना वाटल्यावर देशात काय झालं, ते आपण पाहिलं आहे. आकाशातल्या सीट त्याच जातीची मालमत्ता आहे. पैसा नको असेल तर बदल्यात दुसरं मागावं: पहिल्या जादा सीट मुंबई-दिल्लीला न देता पुणे, नागपूर, कण्णूर, गोवा अशा शहरांना द्याव्यात, सणासुदीच्या काळात आखातातल्या कामगारांसाठी ठरावीक भाड्याच्या काही सीट राखून ठेवाव्यात. आणि कोणतीही सवलत गुंतवणुकीशी जोडली असेल तर गुंतवणूक संपताच ती संपेल, हे कलम सक्तीचं करावं.

राज्य सरकारांनाही इथे हात झटकता येणार नाहीत. विमान इंधन हा भारतीय कंपनीच्या खर्चाचा तीस ते चाळीस टक्के भाग, आणि ते २०१७ पासून जीएसटीच्या बाहेर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेत राज्यांनी ते आत घ्यायला पुन्हा नकार दिला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये मुंबई, पुणे आणि रायगडसाठी व्हॅट २५ वरून १८ टक्क्यांवर आणला, हे चांगलं केलं. तमिळनाडूत तो २९ टक्के होता. पण परिणाम बघा. आंतरराष्ट्रीय उड्डाणाच्या इंधनावर हा कर लागत नाही. नागपूरचा प्रवासी भारतीय कंपनीने मुंबईमार्गे लंडनला गेला तर नागपूर-मुंबई टप्प्याच्या इंधनावर व्हॅट बसतो. तोच प्रवासी कतार एअरवेजने नागपूरहून थेट दोहाला आणि तिथून लंडनला गेला तर कुठल्याच टप्प्यावर बसत नाही. आपल्या प्रवाशाने आपल्या शहरातून जाण्याऐवजी दोहातून जावं यासाठी आपणच करसवलत देतो आहोत. दुबईच्या सीट अडवून ठेवण्यापेक्षा हा एक टप्पा करमुक्त केला तर मुंबई खऱ्या अर्थाने मध्यवर्ती विमानतळ व्हायला जास्त मदत होईल.

नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला आहे. मुंबईत धावपट्टीवर जादा विमानांना जागाच नाही, ही जुनी सबब आता पूर्वीइतकी राहिली नाही. महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ खासदार जातात, आणि आखाताच्या विमानांत सर्वाधिक गर्दी करणाऱ्या राज्यांत आपण वरच्या रांगेत आहोत. येत्या अधिवेशनात त्यांच्यापैकी एकाने तरी मंत्र्यांकडे लेखी मागावं: आखाती देशांशी झालेल्या प्रत्येक करारात २००४ पासून कधी, किती सीट वाढल्या, बदल्यात भारताला काय मिळालं, आणि आज जो नकार दिला जातोय तो कोणत्या तारखेपर्यंत आहे.